परसबाग, खुराडें आणि आठवड्याचा बाजार

शेतकरी म्हटला म्हणजे त्याचें शेत तेवढें आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. घरामागचें परस, त्यांतील दोडक्याचा मांडव, खुराड्यांतील पांचसहा कोंबड्या आणि आठवड्यांतून एकदां भरणारा उघड्यावरचा बाजार यांची गणना आपण शेतींत करीत नाहीं. बायकामाणसांचा किरकोळ उद्योग म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतों. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे, आणि दिव्यासारख्या ठिकाणीं तर ती घातक आहे.

दिव्याची स्थिति सर्वांस ठाऊक आहेच. 1854 सालीं ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी गेली, तेव्हां हा सारा प्रदेश खाजणांचा व भातखाचरांचा होता. पुढें पनवेल आणि वसई या दोन दिशांचे फांटे दिव्यास येऊन मिळाले. डिसेंबर 2016 पासून जलद लोकलही येथें थांबूं लागल्या. आणि शहर वाढत वाढत खाचरांच्या बांधाला येऊन भिडलें. कित्येक आगरी-कोळी कुटुंबांच्या हातीं आतां भाताची शेती फारशी उरलेली नाहीं. घरामागचा एखाददुसरा गुंठा मात्र कोठें कोठें शिल्लक आहे. तो राखावा कीं त्यावरही चाळ उठवावी, हा प्रश्न आज घरोघर विचारला जात आहे.

परसाचें सुख हें ऋतूंचें सुख आहे. मृग लागला कीं पहिल्या पावसावर दोडका, पडवळ, काकडी, भोपळा यांचें बीं मातींत जातें. त्याच सुमारास डोंगराकडच्या बायका शेवळें, आणि पाठोपाठ टाकळा व करटोलीं घेऊन बाजारांत उतरतात. श्रावणांत मांडव लोंबूं लागतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें खावयाचें नाहीं अशी रूढि असल्यामुळें त्या दिवशीं परसांतल्या अळू-माठास जो मान मिळतो तो एरव्हीं मिळत नाहीं. भात निघाल्यावर खाचराच्या ओलीवर वाल टाकावा, परसांत मुळा, मेथी, वांगीं लावावीं. मग थंडींत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यांत घालून मडक्यांत पोपटी करण्याची मौज कोणास सांगावयास नको. उन्हाळ्यांत आपल्याकडे पाण्याची ओढ असते. म्हणून पावसाळा व हिंवाळा हेच परसाचे मुख्य हंगाम धरावे.

कोंबड्यांचें गणितही अवघड नाहीं. गांवठी कोंबडी वर्षाला साधारणतः 60 ते 80 अंडीं देते. खुडूक झाली कीं 10-12 अंड्यांवर बसून 21 दिवसांत पिलें काढते. स्वयंपाकघरांतील उष्टें, भाताचा कोंडा आणि अंगणांतील किडे एवढ्यावर तिचा बहुतेक निर्वाह होतो, आणि तिची विष्ठा कुजवून परसाला उत्तम खत मिळतें. आषाढाच्या अमावास्येपूर्वीं गिऱ्हाईक कोंबडा शोधीत दारीं येतें; श्रावण लागतांच तेंच पाठ फिरवितें. यास्तव माघांत बसविलेल्या अंड्यांचीं पिलें आषाढांत विक्रीस तयार होतील, असा हिशेब आधींच धरावा. मात्र हौसेच्या नांवाखालीं हयगय करूं नये. खुराडें ओलीपासून उंच व मुंगसापासून बंदोबस्ताचें असावें, आणि मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस पिलांना वेळेवर टोंचून अथवा पाजून घ्यावी. फेब्रुवारी 2022 मध्यें आपल्याच जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत वेहळोली येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां आसपासच्या हजारों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पक्षी अचानक मरूं लागले तर तें न लपवितां पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळविणें हें आपलें आणि शेजाऱ्यांचेंही हिताचें आहे.

हें सर्व पिकवून विकावयाचें कोठें, हा खरा पेंच आहे. कायद्याची वाट मोकळी आहे. 2016 मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून वगळला, आणि अरणच्या संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजारांचें अभियानही सुरू केलें. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानें शहर समितींत विक्रेत्यांना किमान 40 टक्के जागा ठेवल्या आहेत. अडलें आहे तें जागेपाशीं. रोज एकाच ठिकाणीं बसणाऱ्याचें नांव सर्वेक्षणांत लागूं शकतें. परंतु आठवड्यांतून एकदां दोन टोपल्या घेऊन येणारी बाई कोणत्याच यादींत सहजीं बसत नाहीं. ती स्टेशनच्या वाटेवर बसली कीं तिला उठवितात, आणि मग मिळेल त्या भावानें तिला आपला माल व्यापाऱ्याच्या हवालीं करावा लागतो.

यांत गिऱ्हाइकाचेंही नुकसान आहे. रुळांकांठची हिरवीगार भाजी सांडपाण्यावर वाढविली जाते, अशी तक्रार मुंबईच्या उपनगरांत अनेक वर्षें होत आली आहे. "ही भाजी कोणत्या पाण्यावरची?" या प्रश्नाचें उत्तर ती पिकविणाराच देऊं शकतो, आणि तो समोर उभा असेल तरच तें विचारतां येतें.

मंडई बांधून दिली कीं काम झालें, असें कोणी म्हणतील. पण मंडईचा गाळा रोजच्या व्यापाऱ्याच्या सोयीचा असतो. दोन टोपल्यांच्या धन्याला त्याचें भाडें परवडत नाहीं. आम्हांस हवें आहे तें एवढेंच: एखादें मोकळें मैदान, पाण्याचा नळ, थोडी सावली आणि आठवड्यांतील एक सकाळ. दुसरा आक्षेप असा कीं, गुंठ्याच्या भाजीनें घर चालत नाहीं. तें खरेंच आहे. पण त्या भाजीचा व अंड्यांचा पैसा दर आठवड्यास घरधनिणीच्या हातीं येतो, आणि घरचें बीं व हंगामाचें ज्ञान पुढच्या पिढीच्या हातीं राहतें. चाळीच्या भाड्यांतून हें दुसरें मिळत नाहीं.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे कीं, घर नव्यानें बांधतांना परसाचा एक तुकडा नकाशांतच राखून ठेवावा. बाजाराची मागणी महापालिकेकडे एकट्यादुकट्यानें न नेतां सर्वांनीं मिळून लेखी न्यावी. तिच्यासोबत आपण होऊन तीन अटीही लिहून द्याव्या: प्रत्येकानें स्वतः पिकविलेलाच माल आणावा, सांडपाण्यावरची भाजी कोणी आणूं नये, आणि उठतांना जागा झाडून द्यावी. आपल्यावर नियम घालून घेऊन केलेली मागणी नाकारणें कोणासही जड जातें. येत्या मृगापूर्वीं हा अर्ज तयार झाला, तर श्रावणांतल्या दोडक्याला हक्काची जागा मिळण्याची आशा धरतां येईल.