दंतरोपणाचा प्रसार आणि खिशाचा प्रश्न

पडलेल्या दाताच्या जागी कवळी किंवा ब्रिज न बसविता 'इम्प्लांट' करून घेण्याकडे शहरी रुग्णांचा कल वाढत आहे. स्वीडनचे डॉ. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हे रोपण केले. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडाशी एकजीव होण्यास साधारण ३ ते ६ महिने लागतात. ब्रिजसाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात. रोपणात ते वाचतात. मात्र, एका दाताचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि अपघाताचा अपवाद वगळता बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी हा भार उचलत नाहीत. त्यातच अनियंत्रित मधुमेह व धूम्रपान यांमुळे रोपण निकामी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच 'कायमचा दात' या जाहिरातीला भुलण्यापूर्वी हाडाची तपासणी करून घेणे आणि एकूण खर्चाची लेखी माहिती मागणे रुग्णाच्या हिताचे ठरेल.