पेटी भिंतीला लागली, आत काय आहे ते कोण बघणार?

पिंपरी : चाकण औद्योगिक पट्ट्यात कारखाना आणि शाळा यांच्यात काही ठिकाणी फक्त एक रस्ता आहे. नियम मात्र रस्ता ओलांडला की बदलतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. नुसती पेटी नाही, तर ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस, आणि तोही कामाच्या वेळेत हजर. ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर उपचारासाठी वेगळी खोली.

आता शाळेकडे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, किचनशेड, मैदान, कुंपण, ग्रंथालय सगळं आहे. प्रथमोपचार पेटीचं नाव नाही. म्हणजे बापाला कारखान्यात जे संरक्षण कायद्याने मिळालं, ते पोराला शाळेत मुख्याध्यापकांच्या मर्जीवर.

पैशाचं बघू. समग्र शिक्षा योजनेच्या निकषात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार आणि १०० पर्यंत पटाला २५ हजार संयुक्त अनुदान. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, सफाई. मग कापूस-पट्टीचा नंबर शेवटी लागणारच. कंपन्यांच्या सीएसआरमधून बाकं, टीव्ही, रंगरंगोटी मिळते, कारण ती फोटोत दिसते. दर तीन महिन्यांनी संपलेलं जंतुनाशक भरून देण्यात कसला आलाय फोटो?

खरी अडचण खरेदीची नाहीच, देखभालीची आहे. फवारणीचं औषध घेताना शेतकरी बाटलीवरची तारीख बघतो. शाळेतल्या पेटीची तारीख बघायचं काम कुणाच्या नावावर नाही. पेटी कपाटात आणि किल्ली मीटिंगला गेलेल्या सरांच्या खिशात असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत आहे, पण पुणे-नाशिक महामार्गावर आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर कोंडी झाली की तीही अडकते. तोवरची मिनिटं शिक्षकाच्या हातात. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पोराला न चालवता थेट दवाखाना गाठायचा. हे माहीत नसेल तर भरलेली पेटीही कामाची नाही.

मार्ग गावातच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते. त्यात पेटीसाठी वेगळी रक्कम लिहायची, एका शिक्षकाचं नाव ठरवायचं, महिन्याच्या बैठकीत पेटी उघडून यादीशी ताडायची. पालकांत कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेले कामगार निघतील. त्यांनाच एक दिवस शाळेत शिकवायला बोलवावं.

पुढच्या बैठकीत पालकांनी एवढंच म्हणावं : सर, पेटी उघडा.