कुंडीतला ओवा, पण ओवा नव्हे



पावसाळा आला की मुलं मला विचारतात, "मावशी, कुंडीतला ओवा एवढा फोफावलाय, त्याला दाणे कधी धरणार?" कधीच नाही! कारण तो डब्यातला ओवा नव्हे, तो पानओवा.

डब्यातला ओवा हा कोथिंबीर, बडीशेप आणि परदेशी सेलरीच्या कुळातला. पानओवा मात्र तुळस-पुदिन्याचा भाऊबंद. मग वास सारखा कसा? ओव्याच्या दाण्यात थायमॉल नावाचं तेलातलं द्रव्य असतं. पानओव्यात तेही सापडतं आणि त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉलही. त्यामुळे नाक फसतं.

आमच्या वडोदऱ्यात याला 'अजमानां पान' म्हणतात. बेळगावकडचे कानडी शेजारी 'दोड्डपत्रे' म्हणतील, तर हैदराबादचे 'वामु आकु'. लावायला सगळ्यात सोपा. वीतभर फांदी तोडा, खालची पानं काढा आणि मातीत खोचा. पाणी बेतानं घाला, नाहीतर मुळं कुजतात.

भजी तर सगळ्यांना ठाऊकच आहेत. पानं धुऊन पुसून कोरडी करा. बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, तिखट, हिंग, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेल घाला. पीठ पानाला चिकटून राहील इतपत दाट ठेवा. त्यात वेगळा ओवा नको.

कानडी पद्धतीची तंबळी मात्र नव्या पिढीनं जरूर करून बघावी. दहा-बारा पानं, अर्धा चमचा जिरं आणि चार मिरे चमचाभर तुपावर परता. पानं मऊ पडली की निवू द्या. मग पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटा, दोन वाट्या ताकात कालवा, मीठ घाला. वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी. तंबळी उकळायची नाही. गरम भातावर घ्यायची.

आता औषधाचं. सर्दी-खोकल्यात चार-पाच पानं आणि आल्याचा तुकडा कपभर पाण्यात उकळून गाळून प्यायलं की घशाला बरं वाटतं. बरं वाटतं, एवढंच म्हणते. सर्दी तिच्या वेळेनंच जाते. तान्ह्या बाळाला पानाचा रस चाटवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही, कारण मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाचा श्वास जोरात चालला असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ते दूध घेत नसेल, तर काढ्याच्या नादी न लागता त्याच वेळी दवाखाना गाठा. गरोदरपणी चार भजी खायला हरकत नाही, पण रोजचा काढा विचारूनच घ्यावा.

मला खरी काळजी वाटते ती नावांच्या घोळाची. मुतखड्यावर म्हणून हल्ली मोबाईलवर 'पत्थरचट्टा' आणि 'पाषाणभेद' फिरत असतात. ही नावं कुणी पानओव्याला लावतं, तर कुणी पानफुटीला. पानफुटीच्या कुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आढळतात. तेव्हा पान तोंडात घालण्याआधी चोळून बघा. पानओवा जाड, मखमली लव असलेला असतो आणि बोटाला ओव्याचा वास राहतो. पानफुटीचं पान गुळगुळीत असतं, त्याला हा वास येत नाही. वास नाही, तर पान खायचं नाही. आणि मुतखडा असेल तर सोनोग्राफीला पर्याय कुठल्याच पानात नाही.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. आपल्याला चालणारं हे पान त्यांना बाधतं, उलट्या-जुलाब होतात.

झाड मोठं झालं की छाटा आणि फांद्या शेजारी वाटा. देताना नाव मात्र नीट सांगा. ओवा नव्हे, पानओवा!

पुढच्या वेळी गवती चहाबद्दल बोलू.