कळते सगळे, पण शब्द निघत नाही



पोर तीन वर्षांचे झाले आणि बोलत नसले, की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते, याचा आजाही उशिराच बोलला. कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगते, तर कोणी जिभेखालची शीर कापून आणा म्हणते. आणि शेवटी बोट आईकडेच वळते : ही दिवसभर भांगलणीला, पोराशी बोलणार कोण? हा आरोप तर साफ खोटा. आज लिहायचे आहे ते अशा मुलांविषयी, ज्यांना ऐकू नीट येते आणि समजतेही सगळे. "म्हशीपुढची पाटी आण" म्हटले की ती पाटी घेऊन येतात, पण तोंडून शब्द काही घडत नाही.

बोलणे हे हालचालींचे काम आहे. जीभ, ओठ, जबडा, टाळू, घसा आणि श्वास, सगळ्यांनी क्षणात एकामागून एक हलायचे असते. बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. काही मुलांत बैलच थकलेले असतात, म्हणजे स्नायू ढिले किंवा ताठर. बोलणे जड येते, लाळ गळते, गिळताना ठसका लागतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत हे पुष्कळदा दिसते. याला डिसार्थ्रिया म्हणतात. दुसऱ्या प्रकारात बैल धडधाकट आणि गाडीही शाबूत, पण कासऱ्याचा इशारा नीट पोचत नाही. काय म्हणायचे ते मुलाला ठाऊक असते, पण कोणती हालचाल आधी आणि कोणती मागून, याची जुळणी मेंदूत होत नाही. हा बालपणीचा अप्रॅक्सिया.

साधे बोबडे मूल भाकरीला "भाकली" म्हणेल, पण दर वेळी भाकलीच म्हणेल. अप्रॅक्सियाचे मूल सकाळी "बाई" म्हणते, दुपारी "काबी", आणि संध्याकाळी ओठ नुसते चाचपडतात. कधी रागात "नको!" असे स्वच्छ निसटून जाते. मग सगळे घर गोळा होऊन "परत म्हण, परत म्हण" करते, आणि ते म्हणू शकत नाही. घरचे समजतात, पोरगे हट्टी आहे. तो हट्ट नव्हे. त्यासाठी मारणे तर सोडाच, रागावूही नका.

पहिले काम म्हणजे कानांची तपासणी, मग मूल कितीही चांगले ऐकते असे वाटो. कोल्हापुरात सीपीआरमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढे वाचा-उपचार तज्ज्ञ. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. तीन वर्षांच्या आत अप्रॅक्सियाचे पक्के निदान करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते, पण उपचार त्यासाठी अडून राहत नाहीत. शीर कापून मात्र अप्रॅक्सिया जात नाही. आणि वेखंड मधात देणार असाल तर ध्यानात ठेवा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे.

जोराचा अप्रॅक्सिया असेल तर आठवड्यातून तीन ते पाच वेळा उपचार हवेत. गगनबावड्याहून हे जमायचे कसे, तेही गळिताच्या हंगामात? हल्ली काही तज्ज्ञ मोबाईलवर समोरासमोर बसवून शिकवतात, तशी विचारणा करावी. बाकीचा सराव घरातच होतो. पाचच शब्द निवडा, मुलाच्या गरजेचे : आई, दे, पाणी, म्हस, नको. त्याच्या डोळ्यांसमोर बसा, तुमचे तोंड त्याला दिसू दे. शब्द सावकाश, दोघांनी मिळून म्हणा. मग तुमचा आवाज हळूहळू बारीक करा. एका वेळी दहा मिनिटे पुरे, पण दिवसातून तीन-चार वेळा. भाकरी थापताना, धार काढताना. फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून बोलणे येत नाही; बोलण्याचा सराव बोलूनच होतो.

"म्हटल्याशिवाय देणार नाही" ही रीत मला मुळीच पटत नाही. तहानलेल्या पोराला आधी पाणी द्या. हाताच्या खुणा करू द्या, पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून बोट दाखवू द्या. त्याने बोलणे मागे पडत नाही, उलट मुलाची चिडचिड कमी होते.

शाळेत नाव घालताना कोणी "मुका आहे, पुढच्या वर्षी बघू" म्हणाले तर परत फिरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने असा नकार देता येत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा व भाषेचे अपंगत्व धरलेले आहे. सेरेब्रल पाल्सी असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेचीही चौकशी करा.

घरात थोरले भावंड शिकते असेल तर त्याला एक वही द्या. धाकट्याने कोणता शब्द कोणत्या दिवशी म्हटला, कसा म्हटला आणि काय मागत होता, ते जसेच्या तसे लिहू दे. तज्ज्ञाकडे जाताना ती वही बरोबर न्या. परक्या ठिकाणी मूल लाजून गप्प बसले तरी तिच्यावरून त्यांना पुष्कळ कळते.