निलगिरीला समान जमीन, आम्हाला नुसते 'मेरिट'!

मीरा-भाईंदरमध्ये लहानसहान बांधकामांवर स्लॅबच्या खाली डोकावून बघा. लोखंडी टेकू नसतील तिथे निलगिरीच्या बल्ल्या उभ्या दिसतील. सरळसोट, फांदी नसलेल्या, मनगटापेक्षा थोड्या जाड. नाक्यावर उभा राहून रोजंदारी मिळवणारा आपला माणूस त्या बल्लीच्या भरवशावर काम करतो. बल्ली मध्येच चिरलेली आहे का, तिचे तंतू पीळ घेऊन गेले आहेत का, हे तिथे कुणी तपासत नाही. आणि याच निलगिरीच्या लाकडाची जगात इतकी बारीक तपासणी झालेली आहे की वाचून थक्क व्हावे. फक्त ती तपासणी मजुरासाठी झालेली नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी वनशास्त्राकडे फारसे लक्ष दिलेले नाही. 'झाडाबिडांचा विषय पर्यावरणवाल्यांचा' म्हणून आपण तो सोडून देतो. माझे म्हणणे उलट आहे. आरक्षणाच्या वादात 'मेरिट' नावाचे जे तुणतुणे गेली कित्येक वर्षे आपल्या कानाशी वाजवले जाते, त्याचे सर्वांत सडेतोड उत्तर मला निलगिरीच्या संशोधनात सापडले.

हे संशोधन चालते कसे, ते आधी पाहू. आपल्याकडे लावली जाणारी निलगिरी मुख्यतः टेरेटिकॉर्निस आणि कॅमल्डुलेन्सिस या ऑस्ट्रेलियन जातींची आणि त्यांच्या संकरांची. डेहराडूनची वन संशोधन संस्था, कोइंबतूरची वन आनुवंशिकी संस्था, बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था, शिवाय कागद कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा यावर काम करतात. गडचिरोलीच्या पलीकडे भद्राचलमजवळच्या कागद कारखान्याने 1989 पासून निवडक झाडांचे क्लोन काढायला सुरुवात केली. निवड करायची म्हणजे लाकूड बघायचे, पण झाड न पाडता. त्यासाठी छातीच्या उंचीवर पोकळ गिरमिट लावतात आणि सालीपासून गाभ्यापर्यंत पेन्सिलीसारखी कांडी काढतात. ओल्या कांडीचे आकारमान मोजायचे, मग ती भट्टीत पूर्ण वाळवून वजन करायचे. यावरून घनता निघते. तंतूची लांबी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. निलगिरीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटर, चीडाचा त्याच्या तिप्पट. लिग्निन किती, लगदा किती निघेल, तेही पाहतात. लाकूड जड असेल तर एका खेपेत लगदा जास्त मिळतो, लिग्निन कमी असेल तर रसायने कमी लागतात. आपल्या वह्या आणि सहा डिसेंबरला दादरला आपण पिशव्या भरभरून घेतो ती पुस्तके ज्या कागदाची बनतात, त्याच्या लगद्यात निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांचा मोठा वाटा असतो.

आता मुद्द्याचे. रानात एक झाड उंच, सरळ, दाट लाकडाचे सापडले. त्याला 'प्लस ट्री' म्हणतात. मनुवादी डोके असते तर तिथेच निकाल लागला असता: बीज श्रेष्ठ! पण वनशास्त्रज्ञ तसे म्हणत नाही. तो विचारतो, हे झाड बीजामुळे उंच आहे की नाल्याच्या काठी उगवले म्हणून उंच आहे? नुसते झाड बघून हे सांगता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो त्या झाडाचे बी घेतो, शेजारच्या साध्या झाडांचेही घेतो, आणि सगळ्यांची रोपे एकाच शेतात, एकाच दिवशी, एकाच अंतरावर लावतो. कुणाला कुठला वाफा मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरते. जमिनीचा पोत एका टोकाला बरा असेल तर त्याचा फायदा एकाच घराण्याला मिळू नये, म्हणून प्रत्येक घराण्याची रोपे शेतभर विखुरतात. पाणी सारखे, खत सारखे. मग काही वर्षे थांबायचे. नंतर मोजायचे.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. शेताच्या कडेच्या ओळी मोजतच नाहीत. कडेच्या झाडाला एका बाजूने जास्त ऊन मिळते, जास्त जागा मिळते, ते जाड होणारच. त्याची जाडी त्याची नव्हे, जागेची. म्हणून ते हिशेबातून बाद! आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कडेला उभ्या राहिलेल्यांची जाडी हेच मेरिट म्हणून मिरवले जाते. घरात चार पिढ्यांचे शिक्षण, इंग्रजी शाळा, कोचिंग क्लास, ओळखीचे काका मंत्रालयात. आणि तुलना कुणाशी? मुरमाड माळावर, पाण्यावाचून उगवलेल्या पोराशी. वर हिशेब दोन मार्कांच्या फरकाचा.

आणि एवढी खबरदारी घेऊनही आनुवंशिकतेचा जो आकडा निघतो, तो त्या शेतापुरता, त्या वयापुरता आणि त्याच घराण्यांपुरता असतो. शेत बदलले की आकडा बदलतो. काळ्या मातीत पहिला आलेला क्लोन मुरमात मागे पडतो. चाचणीच्या अटी समान नसतील तर आकड्याला काडीचा अर्थ नाही, हे वनशाखेच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते. ते टीव्हीवर बसलेल्या 'मेरिटवाद्यांना' शिकवायचे राहून गेलेले दिसते.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. शेतात चिठ्ठ्या टाकून वाफे वाटण्याची ही शिस्त बसवली रोनाल्ड फिशरने, 1920 च्या दशकात, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड केंद्रात. हाच फिशर माणसांच्या बाबतीत पक्का सुप्रजननवादी होता. गव्हाला समान शेत देणाऱ्याला माणसांच्या समाजातले असमान शेत दिसले नाही! म्हणजे विज्ञान शिकले की माणूस आपोआप समतावादी होतो, या भ्रमातही आपण राहू नये.

पण आपल्याकडूनही एक घसरण होऊ शकते. निलगिरीचे संकर जोमदार निघतात. म्हैसूरची जुनी निलगिरी नंदी टेकडीवरच्या थोड्या झाडांपासून पसरली, त्यामुळे तिची आनुवंशिक पायाभरणी अरुंद राहिली. हे वाचून 'बघा, स्वजातीय विवाहाने वंश बिघडतो' असा युक्तिवाद करण्याचा मोह होतो. तो टाळा. बाबासाहेबांनी 1916 च्या कोलंबियातील निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात दाखवले, आणि 1936 मध्ये जातीच्या सुप्रजननवादी समर्थनाची चिरफाड केली. पण आंतरजातीय विवाह त्यांना हवा होता तो आपलेपणा निर्माण व्हावा म्हणून, वंश सुधारावा म्हणून नव्हे. झाडांकडून आपण चाचणीची शिस्त घ्यावी. वंशाची भाषा त्यांच्याकडेच राहू द्यावी.

दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो. 'वृक्षसुधार' म्हणताना सुधारणा कुणाच्या लेखी? निकष कुणी ठरवले? लगदा जास्त, लिग्निन कमी, चार-पाच वर्षांत तोड. हे कारखान्याचे निकष. एक शेळी राखून जगणाऱ्या भूमिहीन बाईला विचारले असते तर ती म्हणाली असती, पाला जनावराने खाल्ला पाहिजे. निलगिरीचा पाला जनावर खात नाही. म्हणूनच तर ती सरकारी लागवडीला सोयीची वाटली, कुंपणाचा खर्च वाचतो!

आणि लागवड कुठे झाली? कर्नाटकात कोलारकडे जमीनवाल्यांनी नाचणीच्या जागी निलगिरी लावली. नाचणीला पेरणी, खुरपणी, कापणीचे हात लागतात, निलगिरीला लागत नाहीत. मजुरी गेली ती भूमिहीनांची. धारवाडकडे तर गावांच्या वापरातली सुमारे तीस हजार हेक्टर जमीन सरकार आणि हरिहरच्या कारखान्याच्या भागीदारीतील कंपनीला निलगिरीसाठी द्यायचे ठरले. 14 नोव्हेंबर 1987 रोजी कुसनूरला लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. शेवटी ती कंपनी गुंडाळावी लागली. आपल्या महाराष्ट्रात गायरान म्हटले की दादासाहेब गायकवाडांचे 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवतात. गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींची 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला तो 1991 साली, आणि सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी लोक अजून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. त्या जमिनीवर पीक उभे असले की ते 'अतिक्रमण' ठरते. सरकारी रोप उभे राहिले की 'हरितीकरण'.

म्हणून निलगिरी 'परदेशी' आहे, हाकला, या घोषणेत मी सामील नाही. शुद्ध देशी आणि अशुद्ध परदेशी हा खेळ आपण माणसांच्या बाबतीत भरपूर सोसला आहे. मिरची, बटाटाही बाहेरूनच आले. झाडाशी भांडण नाही, जमीन कुणाची आणि निकष कुणाचा, यावर आहे.

आपली मुले एमपीएससीच्या वनसेवेसाठी अभ्यास करतात, ते चांगलेच. पण दापोली-अकोल्याला वनशास्त्राची पदवी मिळते, पुढे डेहराडूनला संशोधन करता येते, तिकडे किती जण बघतात? बाबासाहेब यंत्राला आणि विज्ञानाला कधी घाबरले नाहीत. कांडी काढणारे गिरमिट आपल्या पोरीच्या हातात आले, तर ती लगद्याबरोबर आणखी काही मोजेल: बल्ली तडकते किती, टेकू म्हणून वजन पेलते किती, कोणत्या झाडाखाली ज्वारी-नाचणी तग धरते, कोणते सरपण कमी धूर करते. यातली एकही गोष्ट मोजायला अवघड नाही. संशोधनाच्या प्रस्तावावर ती लिहिणारे कुणीतरी हवे.