माळ्यावरचे रिपोर्ट

घर बदलायची वेळ आली की प्रत्येक घरात एक भांडण ठरलेलं असतं. माळ्यावरच्या सामानाचं. एक जण म्हणतो, "दोन महिन्यांत हात तरी लावलाय का याला? द्या टाकून." दुसरा म्हणतो, "अहो, गणपतीत लागतं ते!"

गेली दोनेक वर्षं मी हेच काम करतोय. फक्त माळ्याच्या जागी कंपन्यांचे रिपोर्ट सर्व्हर आहेत.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचं 'रिपोर्टिंग सर्व्हिसेस' (आम्ही एसएसआरएस म्हणतो) २००४ साली एसक्यूएल सर्व्हर २००० च्या जोडीला आलं. डेटाबेसमधून आकडे काढायचे, नीट पानांवर मांडायचे, छापायचे किंवा ईमेल करायचे, एवढंच त्याचं काम. ते त्याने इमानेइतबारे केलं. पण २०२५ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एसक्यूएल सर्व्हर २०२५ बरोबर याची नवी आवृत्ती येणार नाही. २०२२ ची शेवटची, तिला सपोर्ट जानेवारी २०३३ पर्यंत. म्हणजे घाई नाही, पण घर रिकामं करायची नोटीस दारावर लागलीय. स्वतःच्याच मशीनवर पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर टाकायचा मार्ग आहे, पण बहुतेक साहेब लोकांना आता क्लाउडच हवा असतो.

आता रिपोर्ट नुसते हलवणं फार अवघड नाही. प्रत्येक रिपोर्ट म्हणजे शेवटी एक आरडीएल फाइल, साधं एक्सएमएल. त्या उचलून पॉवर बीआयमध्ये टाकायला मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे. अवघड प्रश्न वेगळाच असतो: यातलं न्यायचं काय आणि टाकायचं काय?

चाकणच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं तेव्हा सर्व्हरवर चारशेच्या वर रिपोर्ट होते. 'सेल्स', 'सेल्स न्यू', 'सेल्स न्यू फायनल', 'सेल्स फायनल २'... तुम्हाला माहितीच आहे. मी हुशारी केली. एक्झिक्युशन लॉग काढला, जे रिपोर्ट कुणी चालवलेच नव्हते त्यांची यादी केली, मॅनेजरची सही घेतली आणि दीडेकशे रिपोर्ट सोडून दिले. डिसेंबर महिना होता. नवीन वर्षात जुना सर्व्हर बंद. सगळे खूश. मी तर जास्तच.

३१ मार्चला संध्याकाळी स्टोअरमधून फोन आला. "साहेब, मोजणीचे कागद कुठून काढायचे?"

कसले मोजणीचे कागद? तर वर्षअखेरीला स्टोअरमधला सगळा माल हाताने मोजतात, त्यासाठी रॅकनिहाय तक्ते लागतात. सिस्टिममधली संख्या, शेजारी रिकामा रकाना. १ एप्रिलला सकाळी ऑडिटर येणार. हा रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतो.

आणि एसएसआरएसचा लॉग मुळात ६० दिवसांचाच इतिहास ठेवतो! सेटिंग बदललं नाही तर त्याआधीच्या नोंदी पुसल्या जातात. 'कुणी वापरत नाही' असं मी जे सही-शिक्क्याने म्हणत होतो, त्याचा खरा अर्थ 'गेल्या दोन महिन्यांत वापरला नाही' एवढाच होता.

नशिबाने रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसचा बॅकअप होता. आरडीएल त्यातच असते. रात्रभर बसून ती काढली, क्लाउडवर चढवली, पहाटे पाचला तक्ते छापून स्टोअरमध्ये नेले. स्टोअरचे काका निवृत्तीला आलेले. त्यांनी पहिला कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काल दुपारी उतरलेला माल यात नाहीये."

रिपोर्टमध्ये तारीख होती 'आज वजा एक'. क्लाउडचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. चाकणला १ एप्रिलची पहाट झाली होती, पण तिकडे अजून ३१ मार्चच. वजा एक, म्हणजे ३० तारखेचा साठा! ना एरर, ना लाल अक्षरं. सुबक, सरळ, चुकीचा कागद. काकांनी पाहिलं नसतं तर त्यावरच मोजणी झाली असती.

त्या दिवसापासून माझं ठाम मत झालंय की लॉग आकडा सांगतो, उपयोग सांगत नाही. हे उलट बाजूनेही खरं आहे. त्याच सर्व्हरवर रोज सकाळी ठरल्यावेळी ईमेल होणारा एक रिपोर्ट होता. लॉगमध्ये पहिल्या पाचात. तो ज्यांना जायचा ते गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेले होते. तो मी मोठ्या काळजीने, सगळी टेस्टिंग करून हलवला होता!

मग करायचं काय? माझ्यापुरते तीन नियम केलेत. पहिला, कामाची नुसती चर्चा सुरू झाली की त्याच दिवशी लॉगची मुदत ६० वरून ४०० दिवस करायची, म्हणजे एक अख्खं आर्थिक वर्ष त्यात येतं. दुसरा, काढून टाकलेल्या प्रत्येक रिपोर्टची आरडीएल जपून ठेवायची. चारशे फाइलींना जागा ती किती लागते? तिसरा, जुनं आणि नवं निदान एक महिनाअखेर शेजारी शेजारी चालवायचं आणि दोन्हीकडचे कागद तो वापरणाऱ्या माणसासमोर ठेवायचे. मॅनेजरसमोर नाही. मॅनेजर सही करतो, चूक काका पकडतात.

हा तिसरा नियम प्रोजेक्ट प्लॅनमध्ये टिकत नाही. "एवढा वेळ नाहीये," असं उत्तर येतं. मी आता भांडतो. कारण सर्व्हर हलवता येतो, पण कुठला आकडा कधी, कशाला लागतो हे ज्ञान कुठल्याच फाइलमध्ये नसतं. ते स्टोअरमध्ये, अकाउंट्समध्ये, डिस्पॅचच्या खिडकीत बसलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं येत्या काही वर्षांत निवृत्त होणार आहे.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर दोन दुपारी बसलो आणि कुठला रिपोर्ट कशाला लागतो ते वहीत लिहून घेतलं. लॉगमध्ये ज्यांचा पत्ताच नव्हता असे अकरा रिपोर्ट निघाले.