लिलावाचा हातोडा आणि घरची नोंदवही

पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार परत आली, याचा ज्यांस आनंद झाला त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ती विक्रीस निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लक्ष रुपये खर्चून ती मिळविली, आणि ऑगस्टात ती मुंबईस पोचली. पाते युरोपी बनावटीचे, म्हणजे जिला जुने लोक फिरंग म्हणत त्या जातीची ही तलवार. पात्यावर देवनागरीत सोन्याने काढलेले रघूजींचे नाव व सेनासाहेबसुभा ही पदवी. अशी वस्तू पाहावयास मिळणे हे भाग्यच होय. परंतु तिच्या स्वागताच्या नगाऱ्यांत एक साधा प्रश्न बुडून गेला : ही तलवार नागपुराहून गेली केव्हा व कशी?

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नेलेल्या लुटीत ती असावी, असे सांगतात. असावी! तर्क सयुक्तिक आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. ती लूट असेल तर लुटीच्या मालाचे दाम आपणच मोजले; नजराणा म्हणून गेली असेल तर विजयोत्सव कशाचा? याचा निर्णय लावण्याची निकड कोणास भासली नाही. हातोडा पडला की सर्व शंका फिटतात, अशी आमच्या सुशिक्षितांची समजूत झालेली दिसते.

त्याच सुमारास पिप्राव्याच्या रत्नांचे प्रकरण घडले. १८९८ साली तेथील स्तूपात विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारास बुद्धाच्या अस्थींबरोबर सापडलेली ही रत्ने. त्यांपैकी वंशजांकडे राहिलेला भाग याच लिलावगृहाने हाँगकाँगात विक्रीस काढला. भारत सरकारने नोटीस देताच मे महिन्यातील लिलाव थांबला. पुढे जुलैअखेर रत्ने परत आली ती मुंबईच्या एका उद्योगपतीने विकत घेतली म्हणून, हे आम्ही विसरत नाही. तथापि निदान मालकीचा प्रश्न चव्हाट्यावर तरी आला. एकाच पेढीपुढे दिल्लीने आक्षेप घ्यावा आणि मुंबईने बोली लावावी, हे धोरण आम्हांस उमजत नाही.

बोली लावली नसती तर तलवार एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात गडप झाली असती, असे कोणी म्हणेल. कबूल. पण सरकारची ही उत्कंठा पुढचा विक्रेता किमतीत मिळविल्यावाचून राहणार नाही. बाजाराची रीत निराळीच असते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' हे चित्र कित्येक दशके ऑस्लोच्या एका रुग्णालयात भिंतीवर होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्यास १ कोटी ३७ लक्ष ५० हजार डॉलर आले, आणि हरवलेली कलाकृती सापडल्याचा गवगवा झाला. रोज त्या भिंतीजवळून जाणारांस ते दिसतच होते. सापडली ती त्याची किंमत!

आता आमच्या सावलीकडून पाहा. १७५१ साली याच रघूजींनी गोंड राजांकडून चांद्याचे राज्य घेतले. येथून वैनगंगा ओलांडली की मार्कंड्याची देवळे लागतात. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञाने त्यांची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. भोवतालच्या खेड्यांत पारावर, शेताच्या बांधावर, शेंदूर माखलेल्या भग्न मूर्ती आहेत. उद्या त्यांतील एखादी परदेशच्या लिलावात निघाली, तर ती आपली हे कशावरून दाखविणार?

तमिळनाडूतील श्रीपुरंतनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे ५० लक्ष डॉलर देऊन घेतला होता. २०१४ साली तो एक पैही न देता परत आला. कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळातच त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. ४७ लक्ष रुपयांत किती पदवीधरांस कॅमेरा, फीत व वही देऊन चांदा-गडचिरोलीच्या खेडोपाडी वर्षभर हिंडविता येईल, याचा हिशेब सांस्कृतिक खात्याने एकदा मांडावा, आणि पहिली वही मार्कंड्यास उघडावी.